पेडल खाली जातं, चाक थांबत नाही: एटीव्हीच्या मागच्या ब्रेकच्या नोंदी

६ ऑक्टोबर

गाडी म्हणजे एटीव्ही, खडबडीत वाटांवर चालणारी चारचाकी. पान्याला हात लावण्याआधी तक्रार नीट लिहून ठेवतो. मागच्या ब्रेकचं पेडल दाबलं की पाय बराच खाली जातो, मग लवचिकपणे अडतो, आणि सगळा भार टाकला तरी मागची चाकं लॉक होत नाहीत. सुट्या मातीवर ती पायाच्या साध्या दाबानं लॉक व्हायला हवीत. पुढचे ब्रेक ठणठणीत आहेत. सपाटीवर त्यांच्यावर निभावतं, पण तीव्र उतारावर नुसता पुढचा ब्रेक धरला की मागची बाजू हलकी होते आणि आडवी फिरायला बघते. त्यामुळे काम होईपर्यंत गाडी उतारावर न्यायची नाही.

गाडीची रचना अशी: चेनवर चालणारी, मागे अखंड एक्सल, त्यावर एकच डिस्क. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन पॅडच्या चिमट्यात धरणारा भाग, एका पिस्टनचा, पिनांवर सरकणारा. उजव्या पायाशी पेडल, त्याला जोडलेला छोटा मास्टर सिलिंडर (पायाचा दाब तेलाला देणारा), वर वेगळी ब्रेक ऑइलची डबी. हँडब्रेकची केबल त्याच कॅलिपरच्या पाठीवर येते. मागे ड्रम असलेल्या गाड्यांचं गणित निराळं. तिथे रॉड किंवा केबल, शू आणि कॅम बघावे लागतात.

पेडल कसं वागतं यावरून दोष कुठल्या भागात आहे ते बरंचसं कळतं. स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा. दाबून धरल्यावर हळूहळू बसत चाललं तर मास्टरमधला रबरी कप आतून तेल सोडतोय, नाहीतर बाहेर कुठेतरी गळती आहे. पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही, तर हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाच्या, वाटेला जाऊच नये. पॅड तेलकट किंवा चकाकलेले असतात, नाहीतर पिस्टन किंवा पिना जाम. आणि पहिल्या दाबाला खोल, लगेच दुसऱ्या दाबाला वर, असं असेल तर एकतर हवा आहे, नाहीतर पॅड डिस्कपासून लांब जाऊन बसलेत.

आज जागेवर तपासलं तेव्हा पहिला दाब खोल गेला, दुसरा त्याच्या वर अडला, तिसऱ्यालाही थोडा मऊपणा उरला. दाबून धरल्यावर पेडल बसत नाही. वर चाकं थांबत नाहीत ते आहेच. एकाच दोषाची ही लक्षणं वाटत नाहीत.

७ ऑक्टोबर

चाक काढलं, कॅलिपर उतरवला. पॅडचं घर्षणाचं थर बाहेरच्या बाजूला ३.१ मिमी, पिस्टनकडच्या बाजूला २.२ मिमी. पिस्टनकडचा पॅड जास्त झिजलाय म्हणजे कॅलिपर पिनांवर मोकळा सरकत नाही. सगळं काम एकाच पॅडवर पडतंय. शिवाय पॅड सरळ झिजलेला नाही, एका टोकाला पाचरीसारखा निमुळता झालाय. दोन्ही पॅडचे चेहरे काळे, काचेसारखे गुळगुळीत, बोटाला चिकट.

तेलकटपणा कुठून आला? चेन आणि डिस्क एकाच एक्सलवर असल्यामुळे चेनचं तेल उडून येणं अगदी शक्य आहे. पण डिस्कच्या आतल्या बाजूवर एक्सलपासून कडेकडे गेलेले किरणांसारखे डाग आहेत, आणि चेन दुसऱ्या बाजूला आहे. हे लक्षात ठेवायचं.

तेल प्यायलेले पॅड गॅसच्या ज्योतीवर भाजून परत वापरणारे लोक आहेत. मला तो प्रकार पटत नाही. वरचं तेल जळतं, आतलं राहतं, आणि पहिल्याच लांब उतारावर गरम झाल्यावर ते पुन्हा वर येतं. पॅड नवे घेणार.

डिस्क मायक्रोमीटरनं मोजली, ३.८ मिमी. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, इथे ३.५ आहे. चालेल. पॅडची भुकटी हवेच्या झोतानं उडवली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. ती श्वासात जाण्यासारखी गोष्ट नाही.

डबीतलं ब्रेक ऑइल गडद तपकिरी. झाकणावर डॉट ४ लिहिलंय, ही ब्रेक ऑइलची प्रत. हे तेल ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ साठी ठरलेला किमान उत्कलनबिंदू नव्या तेलाला २३० अंश आहे; ३.७ टक्के पाणी मिसळलेल्या तेलाला तोच १५५. कॅलिपर तापला की तेलातलं पाणी वाफ होतं, आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली जाण्याचं हेही एक कारण, पण ते गरम झाल्यावरचं. आपलं पेडल थंड गाडीतही खाली जातंय. तेल बदलायचं ते बदलायचंच, पण एवढ्यानं सुटेल असं वाटत नाही. डॉट ५ ची बाटली चुकूनही आणायची नाही. ते सिलिकॉनचं तेल, डॉट ४ बरोबर चालत नाही. डॉट ५.१ चालतं, नावात ५ असलं तरी ते ग्लायकॉलचंच.

९ ऑक्टोबर

कॅलिपरचा दिवस. वरची पिन हातानं निघाली, खालची निघता निघेना. पिनेवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलाय, आत चिखल आणि गंज. पिन बारीक पॉलिश पेपरनं घासली, भोक साफ केलं, बूट नवे लावले. ग्रीस ब्रेकसाठी मिळतं तेच, सिलिकॉनचं. साधं चाकाचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा तिथेच जाम होते. आता कॅलिपर ब्रॅकेटवर एका बोटानं मागेपुढे सरकतो.

पिस्टन पेडलनं थोडा बाहेर आणला, कडेचा मळ अल्कोहोलनं पुसला. पेट्रोल किंवा डिझेल जवळसुद्धा आणायचं नाही. ब्रेकच्या रबराला खनिज तेल चालत नाही. पिस्टनवर खड्डे नाहीत, सील कोरडं. पिस्टन परत आत ढकलताना निपल (कॅलिपरवरचं हवा आणि तेल बाहेर सोडायचं तोंड) उघडलं, म्हणजे घाण तेल बाहेर पडतं, वर मास्टरमध्ये जात नाही.

या सीलबद्दल एक गोष्ट पुढे कामाला येईल म्हणून लिहितो. पिस्टनभोवतीचं सील चौकोनी काटछेदाचं असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जाताना ते जरासं पिळवटतं, आणि सोडल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला किंचित मागे ओढतं. पॅड सुटण्यासाठी वेगळी स्प्रिंग लागत नाही ती यामुळेच. ही माघार मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते. पिस्टन त्यापेक्षा जास्त मागे गेला, तर त्याला दुसरं कुणीतरी ढकलतंय.

१० ऑक्टोबर

आधी मास्टर निर्दोष आहे की नाही ते ठरवायचं. पाइपचा बॅन्जो बोल्ट (पाइप मास्टरला जोडणारा पोकळ बोल्ट) काढून त्या जागी त्याच आट्याचा आखूड बोल्ट तांब्याच्या वॉशरसह आवळला. मास्टरमध्येच हवा असेल तर ही चाचणी फसवते, म्हणून बोल्ट अर्धवट सैल ठेवून आधी तेल येऊ दिलं, मग घट्ट केला. पेडल दगड. पूर्ण भार टाकून धरून ठेवलं तरी हललं नाही. मास्टरचा कप चांगला, नवा सेट आणायची गरज नाही. लोक पेडल मऊ लागलं की पहिल्यांदा मास्टरच बदलतात. या चाचणीला फार वेळ लागत नाही आणि एका महागड्या भागाचा संशय मिटतो.

पेडल हळू दाबताना डबीत छोटी उकळी दिसते, म्हणजे मास्टरमधलं बारीक परतीचं छिद्र उघडं आहे. पुशरॉड (पेडलपासून मास्टरच्या पिस्टनला ढकलणारा दांडा) प्रमाणापेक्षा लांब केला असता तर पिस्टननं ते छिद्र कायम झाकलं असतं; मग गरम झालेल्या तेलाला परत यायला वाट नाही, ब्रेक धरून राहतो, आणि हवाही कितीही पंप केलं तरी निघत नाही. पुशरॉडला एक-दीड मिमीचा मोकळा खेळ आहे. तसाच ठेवला.

मग हवा काढणं. धाकटा भाऊ पेडलवर, मी निपलवर. "दाब... धर... आता सोड" असा आमचा जप बराच वेळ चालला. आधी तपकिरी तेल, मग बुडबुडे, मग स्वच्छ तेल, तरी पेडल पुरतं कडक होईना. कारण बघितल्यावर दिसलं. कॅलिपर एक्सलवर ज्या कोनात बसतो त्या कोनात निपल सगळ्यात उंच जागी येत नाही. आतल्या पोकळीत निपलच्याही वर एक कोपरा उरतो आणि हवा तिथे जाऊन बसते. कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवला, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडाची पट्टी घातली म्हणजे पिस्टन बाहेर येणार नाही, आणि निपल वर करून हातात धरला. प्लास्टिकच्या दांड्यानं हलके ठोके दिले. पहिल्याच उघडण्यात मोठा बुडबुडा आला. दुसरी लपण्याची जागा मास्टरजवळचा बॅन्जो, तिथला बोल्ट पेडल दाबलेलं असताना क्षणभर सैल करून घट्ट केला. वॉशर नवे टाकले होतेच.

रात्री पेडल पट्ट्यानं बांधून ठेवायचं ही जुनी युक्ती भावानं काढली. ती कधी कधी लागू पडते हे खरं, पण पेडल दाबलेलं असताना ते परतीचं छिद्र बंद असतं, म्हणजे हवा रात्रभर डबीत जाते हे काही बरोबर नाही. बुडबुडे फार तर वर सरकून मास्टरजवळ गोळा होतात आणि सकाळी पट्टा सोडल्यावर निघतात. आज गरज पडली नाही. जागेवर पेडल आता वरच्या वर, कडक.

सांडलेलं तेल लगेच पाण्यानं धुतलं. रंग खाऊन टाकतं.

१२ ऑक्टोबर

नवे पॅड. डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसली, बारीक पॉलिश पेपरनं चकाकी मोडली. सपाटीवर मध्यम वेगातून मध्यम दाबानं वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थंड होऊ द्यायचं, असं करत नवे पॅड डिस्कशी जुळवून बसवले. पूर्ण थांबून ब्रेक धरून ठेवला तर गरम पॅडचा ठसा डिस्कवर एका जागी उमटतो.

पॅड बसल्यावर ब्रेक मस्त लागला. सुट्या मातीवर मागची चाकं लॉक. काम झालं असं वाटण्याजोगं सगळं होतं.

मग दगडधोंड्यांच्या पट्ट्यातून गाडी नेली. तो पट्टा संपल्यावर पेडल दाबलं तर पहिला दाब पुन्हा खोल. दुसरा कडक आणि वरच्या वर. सपाटीवर परत आलो, कितीही वेळा दाबलं तरी पेडल वरच राहिलं. पुन्हा दगडांतून नेली, पुन्हा पहिला दाब खोल.

हवा असती तर ती सपाटीवरही जाणवली असती. तेल उकळलं असतं तर दुसऱ्या दाबाला पेडल एवढं कडक झालं नसतं, आणि कॅलिपर हात लावण्याइतका थंड होता. हायड्रॉलिकची बाजू आता निर्दोष आहे. खडबडीत जागी काहीतरी पिस्टनला मागे ढकलतंय.

१३ ऑक्टोबर

गाडी स्टँडवर, मागची दोन्ही चाकं हवेत. पेडल पंप करून कडक केलं. मग चाक वर-खाली दोन्ही हातांनी जोरात हलवलं. पेडल दाबलं: खोल. पंप केलं, कडक. चाक नुसतं फिरवलं, हलवलं नाही, पेडल कडकच. पुन्हा हलवलं, पुन्हा खोल. इतकी स्वच्छ चाचणी या गाडीवर याआधी दुसरी झाली नसेल.

गणित मांडून बघितलं. मास्टरचा व्यास १२.७ मिमी, कॅलिपरच्या पिस्टनचा ३४ मिमी. क्षेत्रफळांचं प्रमाण साधारण ७.२. म्हणजे पिस्टन १ मिमी पुढे न्यायला मास्टरला ७.२ मिमी चालावं लागतं. पेडलची पायाकडची बाजू १६० मिमी, पुशरॉडकडची ३२ मिमी, म्हणजे आणखी ५ पट. गुणाकार ३६. पॅड आणि डिस्क यांच्यात ०.१ मिमी जादा फट पडली की पाय ३.६ मिमी जास्त खाली जातो. चाक हलवल्यावर पेडल अंदाजे २० मिमी जास्त जातंय, म्हणजे फट अर्ध्या मिमीहून थोडी जास्त. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघितलं, तेवढीच आहे. नखाच्या जाडीएवढी फट आणि सगळं पेडल गायब.

पिना मोकळ्या असताना हे होऊ नये असं आधी वाटतं. डिस्क सरळ बाजूला सरकली तर कॅलिपर तिच्यामागे सरकेल, पिस्टन जागचा हलणार नाही. हातानं हळू हलवल्यावर तसंच होतंही. पण दगडावर आदळल्यावर डिस्क झटक्यानं दोन्हीकडे जाते, जड कॅलिपरला तेवढ्यात मागे जायला सवड नसते, धक्का पिस्टनला बसतो. आणि डिस्क सरळ सरकत नाही, तिरकी होते. तिरकी डिस्क दोन समांतर पॅडना फाकवते, तिथे पिना कितीही मोकळ्या असल्या तरी उपयोग नाही. पॅड पाचरीसारखे का झिजले होते तेही यात बसतं.

डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं माप, लावलं. चाक फिरवताना डिस्कची थरथर ०.१२ मिमी, म्हणजे डिस्क वाकलेली नाही. चाक वर-खाली हलवताना डिस्कच्या कडेला काटा ०.४५ मिमी जातो. एक्सल त्याच्या बेअरिंगमध्ये हलतोय.

कॅलिपरवरचा हँडब्रेकचा स्क्रू आणखी आवळून पेडल वर आणता येईल, हे मला माहीत आहे, अनेक जण तसं करतात. पॅड डिस्कला टेकून राहतात, पेडल छान वाटतं, आणि डिस्क सतत घासून तापत राहते. दोष तिथेच राहतो, फक्त दिसेनासा होतो. केबल पूर्ण सैल करून स्क्रू मॅन्युअलप्रमाणे हलका टेकवून मागे घेतला, मग केबल लावली.

१४ ऑक्टोबर

बेअरिंग मागवण्याआधी एक्सलवरच्या मोठ्या लॉकनटांची जोडी बघितली. त्या सैल झाल्या तरी अशीच हालचाल येते आणि ते काम स्वस्तात होतं. घट्ट आहेत, खुणेची रेषा जागेवर. हालचाल तशीच. बेअरिंग, दोन्ही बाजूंची ऑइल सील आणि ओ-रिंगा मागवल्या.

१९ ऑक्टोबर

एक्सल बाहेर. चेन सोडवली, हब काढला, लॉकनटांना लांब दांडा आणि उष्णता दोन्ही लागली, कारण आट्यांवर थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) होतं. एक्सल रबरी हातोड्यानं बाहेर ठोकला; टोकावर नट उलटा लावून, म्हणजे आटे मार खाणार नाहीत.

डिस्कच्या बाजूचं सील ओठावर फाटलेलं. आत पाणी आणि चिखल गेलेला, ग्रीस करड्या लापशीसारखं झालेलं, तेच फाटक्या सीलमधून बाहेर येऊन डिस्कवर उडत होतं. ७ तारखेला दिसलेले किरणांसारखे डाग चेनच्या तेलाचे नव्हतेच. एकाच फाटक्या सीलनं दोन कामं केली: पॅडना ग्रीस पाजलं आणि बेअरिंगमध्ये पाणी जाऊ दिलं. बेअरिंग हातात फिरवलं तर खरखरतं, आणि आतली रिंग बाहेरच्या रिंगमध्ये डोळ्यांना दिसेल इतकी डुलते. दुसऱ्या बाजूचं तुलनेनं बरं होतं, पण एकच बदलण्यात शहाणपण नाही.

एक्सलवर बेअरिंग जिथे बसतं ती जागा मायक्रोमीटरनं तपासली. तिथे झीज असती तर नवं बेअरिंगही डुललं असतं. जागा ठीक आहे. डिस्कच्या हबचे दातेही घट्ट बसतात.

२० ऑक्टोबर

हाउसिंग गरम हवेच्या गननं तापवलं, नवी बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये होती. जवळजवळ आपसूक बसली. ठोकायची वेळ आली तर बाहेरच्या रिंगवरच ठोकायचं. आतल्या रिंगवर मार बसला की गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं. एक बेअरिंग, मग मधली स्पेसर नळी, मग दुसरं. स्पेसर विसरला तर नट आवळताना दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात. सीलच्या ओठांना ग्रीस, जलरोधक. लॉकनट टॉर्क पान्यानं मॅन्युअलच्या आकड्यावर, नवं थ्रेडलॉक, पांढऱ्या रंगाची खूण.

चेनचा ताण, हब, चाकं. डायल गेज पुन्हा लावलं: चाक कितीही हलवलं तरी काटा ०.०५ मिमीच्या आत. पेडल पंप केलं, चाक हलवलं, पेडल दाबलं, वरच्या वर.

नवे पॅड १२ तारखेपासून एवढ्यातच थोडे तेलकट झालेत का हे बघितलं. पिस्टनकडच्या पॅडच्या एका कोपऱ्यावर पुसट डाग आहे. पॉलिश पेपरनं वरचा थर काढला, डिस्क पुन्हा पुसली. वास येत नाही, थर कोरडा आहे. ठेवतो, पण पुढच्या वेळी हाच कोपरा आधी बघायचा.

२१ ऑक्टोबर

तोच दगडांचा पट्टा. बाहेर आल्यावर पहिला दाब वर. पुन्हा नेली, मुद्दाम ब्रेकला पाय न लावता. पहिला दाब वर. मग उतार, आधी लहान, नंतर तो मोठा. पायाच्या बोटांनी मागची चाकं धरता येतात आणि हवी तेवढी सोडताही येतात. भाऊ म्हणाला, आता पेडल "लागतंय." त्यानं चालवून बघितली आणि परत द्यायला वेळ लावला.

उतारानंतर कॅलिपर गरम, पण पेडल मऊ झालेलं नाही. तेल ठीक.

२६ ऑक्टोबर

थोडं चालवल्यानंतरची तपासणी. लॉकनटांची खूण जागेवर. चाक हलवून हालचाल नाही. डिस्क कोरडी, सीलजवळ ओल नाही. पॅडचा तो कोपरा बाकीच्यासारखाच रंगाचा झालाय. दोन्ही पॅड सारखे झिजतायत. हँडब्रेकची केबल टोकाला उसवायला लागलीय. पेडलच्या भानगडीशी तिचा संबंध नाही, पण पुढच्या खरेदीत ती घ्यायची. पिनांचे बूट आणि एक्सलचं हे सील यापुढे गाडी धुतल्यावर दर वेळी बघायचं, आणि पाण्याचा जोरदार झोत थेट सीलवर मारायचा नाही.